चावडीवर आलेले घर : ग्रामीण विनोदी कथा आणि पदरमोडीचे प्रकाशन

मराठी ग्रामीण विनोदी कथेचा इतिहास बहुधा व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तीन नावांपासून सुरू होतो आणि कथाकथनाच्या व्यासपीठावर येऊन थांबतो. ही मांडणी चुकीची म्हणता येणार नाही, कारण खेड्यातल्या माणसाच्या बोलण्याला, त्याच्या चतुराईला आणि इरसालपणाला छापील मराठीत जे प्रशस्त स्थान मिळाले ते मुख्यतः या तिघांमुळे. मात्र तीत एक जुना धागा सुटून जातो. खेड्यातल्या घराची झाकलेली गोष्ट उघड्यावर आणून तिच्यावर हसणारे लेखन या तिघांच्या शंभर वर्षे आधीपासून होत होते, आणि ते करणाऱ्यांच्या पाठीशी कोणी धनको प्रकाशक नसल्याने त्यांतले काही पदरमोड करून छापले गेले, काही लेखकांनी स्वतःच चालवलेल्या पत्रांतून आले, तर काही हस्तलिखितातच पडून राहिले. छपाईचा पैसा कोणी घातला यावर त्या लेखनातले हसू कोणाच्या अंगावर उलटणार हेही बऱ्याच अंशी ठरत गेले, असे या इतिहासात डोकावल्यावर दिसते.

गावगाड्यातल्या घराला गुपित राखणे मुळातच अवघड होते. एका मूळपुरुषापासून फुटलेले आणि वतनात तक्षीम, म्हणजे वारसाहक्काचा हिस्सा, असलेले भाऊबंद भिंतीला भिंत लावून राहत, आणि शेजारच्या चुलीवर आज काय रटरटते आहे हे ज्यांना वासावरून कळते त्यांच्यापासून सुनेचे माहेरी निघून जाणे किंवा थोरल्याने परस्पर गहाण टाकलेला मळा लपवणे शक्य नव्हते. म्हणून येथे ज्याला गुपित म्हणायचे ते कोणालाच ठाऊक नसलेले असे क्वचितच असे. ते साऱ्यांना ठाऊक असलेले, पण त्या घरातल्या माणसाच्या तोंडावर न बोलायचे, अशा प्रकारचे असे. या अलिखित संकेतामुळेच ग्रामीण विनोदाला त्याचा कच्चा माल मिळाला.

या गुपितांतले सर्वांत मोठे होते कर्जाचे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेला आणि पुढे नगर जिल्ह्यापर्यंत पसरलेला शेतकऱ्यांचा दंगा सावकाराच्या जिवावर उठण्यापेक्षा त्याच्या घरातली खते, म्हणजे कर्जरोखे, हस्तगत करून जाळण्यासाठी होता. घराची खरी परिस्थिती घरात नसून दुसऱ्याच्या पेटीत बंद आहे, ही जाणीव त्यामागे होती. त्यानंतर १८७९ साली झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने खेड्यातली खते सरकारी निबंधकासमोर लिहिली जावीत अशी तरतूद केली. दुसरे गुपित दत्तकाचे. हिंदू कायद्याच्या मुंबई संप्रदायानुसार विधवेला नवऱ्याची स्पष्ट आज्ञा नसतानाही दत्तक घेता येई, त्यामुळे निपुत्रिक पाटलाच्या मरणानंतर त्याच्या घरात कोण कोणाच्या मुलाला घेऊन जातो यावर सगळ्या भावकीचा डोळा असे. त्याखेरीज पाट लावणे, म्हणजे विधवेचा किंवा टाकलेल्या स्त्रीचा पुनर्विवाह, आणि काडीमोड, म्हणजे जातीसमक्ष झालेली फारकत, यांच्या कथा होत्याच. विधवेला पाटाची मुभा नसलेल्या उच्च जातींत मात्र ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले ते तिथल्या गुपिताची किंमत नवजात मुलाच्या जिवाने चुकती होत असल्यामुळे.

तोंडावर न बोलण्याच्या संकेताला वर्षातून काही ठराविक प्रसंगी सुट्टी असे. शिमग्याच्या सोंगांत गावातल्या मातब्बराची नक्कल खपून जाई. तमाशातल्या बतावणीत, म्हणजे वगाच्या आधी होणाऱ्या चुरचुरीत संवादांच्या खेळात, सोंगाड्या गावातलीच एखादी भानगड नाव न घेता घोळवी आणि समोर बसलेल्यांपैकी कोणाची मान खाली जाते इकडे बाकीच्यांचे लक्ष असे. एकनाथांच्या भारुडांत सासुरवाशिणीच्या तोंडून सासू, नणंद आणि दादला यांचा उद्धार होतो, तोही वरकरणी घरगुती कुरबुरीचाच. आत परमार्थ असल्यामुळे तो देवळात चालून जाई. या सर्व प्रकारांत एक सोय समान होती : बोललेले वाऱ्यावर जाई, आणि दुसऱ्या दिवशी कोणी जाब विचारलाच तर सोंग सोंगाचे म्हणून हात झटकता येत. छापलेल्या मजकुरावर अशी सुटका नव्हती.

फुले यांनी १८५५ साली लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. कुणब्याची बायको गरोदर आहे, ही निव्वळ घरातली बाब हेरून जोशी तिला ग्रहदशेची भीती घालतो आणि अनुष्ठानाच्या निमित्ताने त्या गरीब जोडप्याला कर्जात बुडवतो, असा त्याचा गाभा. मधूनमधून विदूषक येतो आणि जोशाच्या बोलण्यातला डाव उघडा पाडतो. विनोदाची येथील रचना नीट पाहावी. ज्याचे घर उघडे पडते तो कुणबी हास्यास्पद झालेला नाही असे नव्हे, त्याचा भाबडेपणाही विदूषकाच्या तावडीतून सुटत नाही. तरीही सर्वांत जास्त हसे होते ते घरातली गोष्ट काढून घेऊन तिच्यावर धंदा करणाऱ्याचे. फुल्यांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. पेशव्यांच्या वेळच्या दक्षिणेचा उरलेला पैसा मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी खर्च करणारी ही समिती होती आणि तिने ते नाकारले. नाटक छापील स्वरूपात वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. ज्या वर्गावर विनोद बेतलेला त्याच वर्गाच्या हातात बक्षिसाची थैली असावी, ही अडचण फुल्यांपुरती नव्हती. त्यांनी पुढे ‘गुलामगिरी’सारखी पुस्तके स्वतःच्या बळावर काढली, यामागे समितीच्या त्या नकाराचा वाटा असला पाहिजे.

स्वखर्चाने पुस्तक काढणे म्हणजे त्या काळी नेमके काय करणे, हे येथे सांगितले पाहिजे. जुळारी शिशाचे एकेक अक्षर, ज्याला छापखान्यात खिळा म्हणत, खणातून उचलून ओळी जुळवी. साधारण सोळा पानांचा मजकूर जुळला की त्याचा एक फर्मा होई, तो यंत्रावर चढे, ठरलेल्या प्रती निघत आणि मग तेच खिळे सोडून पुढच्या फर्म्यासाठी वापरले जात. छापखान्याजवळ सगळे पुस्तक उभे ठेवण्याइतके खिळे क्वचितच असत, म्हणून किती प्रती खपतील याचा अंदाज पहिल्याच फर्म्याला बांधावा लागे आणि तो चुकला तर दुसरी आवृत्ती म्हणजे सारे नव्याने जुळवणे. कागदाचे आणि छपाईचे पैसे आधी मोजावे लागत. त्यासाठी आश्रयदाते गाठायचे, त्यांची नावे पुस्तकात यादीने छापायची आणि उरलेल्या प्रती टपालाने किंवा ओळखीपाळखीने खपवायच्या, अशी रीत होती. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होई आणि तिच्या त्रैमासिक याद्या गॅझेटात प्रसिद्ध होत. ग्रंथकर्त्याने सर्व हक्क आपल्याकडे ठेवल्याची जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठामागे दिसणारी ओळ बहुतेकदा त्या नोंदीच्याच सोबतीने येते. आश्रयदात्यांच्या यादीचा एक परिणाम मात्र फारसा लक्षात घेतला जात नाही. यादीत ज्याचे नाव छापायचे तो इनामदार, वकील किंवा पाटील पुस्तकातल्या गोष्टीत ओळखू येता कामा नये, एवढी काळजी लेखकाला घ्यावीच लागे. सावकाराच्या पैशाने सावकाराची टर उडवता येत नाही.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटेखानी पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले, पाचशे प्रती आणि किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला आपले अनौरस मूल मारल्याबद्दल आदल्या वर्षी शिक्षा झाली होती आणि त्यावरून वर्तमानपत्रांत स्त्रीजातीच्या दुर्गुणांवर जी प्रवचने झोडली गेली त्यांना हे उत्तर होते. त्याला विनोदी कथा म्हणता येणार नाही. तरी घरातली झाकलेली गोष्ट बोलीच्या ठसक्यात, टोमणे मारीत, पुरुषांच्या आणि पोथीपुराणांतल्या देवांच्या उखाळ्यापाखाळ्या काढीत चव्हाट्यावर मांडण्याचे जे कसब त्यात आहे ते पुढच्या कित्येक विनोदी लेखकांना साधलेले नाही. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली, यावरून पुस्तकावर किती टीका झाली असेल याची कल्पना येते.

कथेच्या अंगाने हा धागा पुढे नेला तो एका कुटुंबाने. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ हे पत्र सुरू केले आणि दुष्काळाने नागवलेल्या खेड्याचे चित्र काढणारी त्यांची ‘बळीबा पाटील’ ही कादंबरी १८८८ च्या सुमारास ‘दीनमित्र’ या नियतकालिकातून येऊ लागली. ‘दीनमित्र’ काढणारे गणपतराव पाटील हे त्यांच्याच गोतातले. मराठीतली पहिली ग्रामीण कादंबरी म्हणून ‘धनुर्धारीं’च्या १९०३ सालच्या ‘पिराजी पाटील’चे नाव पुष्कळ वर्षे घेतले जात होते, मध्यमवर्गीय वाचकाच्या कपाटात ‘बळीबा पाटील’ पोहोचलेच नव्हते, हे त्याचे साधे कारण. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव दत्तक जाऊन मुकुंदराव गणपतराव पाटील झाले, आणि त्यांनी १९१० मध्ये नगर जिल्ह्यातल्या सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ पुन्हा सुरू केले. पुढे ते तरवडीहून निघू लागले आणि मुकुंदरावांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत, ते चालले. खेड्यात राहून, खेड्यातल्या वाचकासाठी इतकी वर्षे पत्र चालवण्याचे दुसरे उदाहरण मराठीत सापडणे कठीण आहे.

मुकुंदरावांच्या ‘होळीची पोळी’ आणि ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ या कादंबऱ्या आणि ‘कुलकर्णी लीलामृत’ व ‘शेटजी प्रताप’ ही उपहासकाव्ये नावांपासूनच खट्याळ आहेत. त्यांतले १९१३ चे ‘कुलकर्णी लीलामृत’ विशेष महत्त्वाचे. लीलामृत म्हणजे देवाच्या किंवा अवताराच्या लीलांचे ओवीबद्ध वर्णन करणारी पोथी; श्रावणात देवळात किंवा ओसरीवर एकाने ती वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, शेवटी फलश्रुती, म्हणजे ही पोथी ऐकल्याने काय पुण्य लाभते त्याचे वर्णन, व्हायची. तो सगळा थाट मुकुंदरावांनी गावाच्या कुलकर्ण्याला बहाल केला. कुलकर्णी हा गावचा वंशपरंपरेचा लेखनिक. जमाबंदीचे दप्तर, रुमालात बांधलेली खतपत्रे आणि वारसाच्या नोंदी त्याच्या स्वाधीन असत. म्हणजे ज्या गुपितांचा वर उल्लेख आला ती सर्व लेखी स्वरूपात ज्याच्या घरी होती तो हा माणूस. दोन भावांत तेढ कशी पडते, वाटणीचा दावा कोर्टात कसा जातो, निरक्षर माणसाचा अंगठा कशावर उमटतो, हे कुणब्याच्या बाजूने पाहिले तर घराचे दुर्दैव आणि दप्तराच्या बाजूने पाहिले तर लीला, या दुहेरी नजरेत त्या उपहासाचे मर्म आहे. वाचता न येणाऱ्या श्रोत्यांना पोथीचा ठेका पाठ असल्याने हे काव्य कानावरून पसरायलाही सोपे होते, असे मानायला हरकत नाही. या उपहासाला एका अख्ख्या जातीला एकाच काठीने हाकण्याची खोड आहे आणि आजच्या वाचकाला ती खटकते; मात्र कुलकर्णी वतनाविरुद्धची तक्रार निराधार नव्हती, कारण शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात ते वतन रद्द केले आणि मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने ते सर्वत्र संपले.

मुकुंदराव हे सर्व लिहू शकले कारण पत्र त्यांचे होते. त्यांना कुठल्या संपादकाची मर्जी सांभाळायची नव्हती. वर्गणीदारांची मात्र होती, आणि तो वर्गणीदार स्वतः दप्तराखाली दबलेला शेतकरी होता. हसणारा आणि पैसे देणारा एकाच बाजूला असण्याचा असा योग मराठी विनोदात पुन्हा क्वचितच आला.

दरम्यान शहरात वेगळीच घडी बसत होती. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला आणि कथेला संपादक, मानधन आणि वर्षातून एकदा हमखास येणारा ग्राहक मिळवून दिला. स्वातंत्र्यानंतर खेड्यातून शिकायला बाहेर पडलेली पिढी लिहू लागली तेव्हा ही व्यवस्था तयार होती. माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आले. पुढे ते पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम विभागात गेले. मिरासदार शिक्षक आणि मग प्राध्यापक झाले. तिघेही पुण्यात बसून गावाकडे पाहणारे होते, आणि १९६० नंतर त्यांनी मिळून कथाकथनाचे कार्यक्रम सुरू केले तेव्हा त्यांच्यासमोर बसलेला श्रोताही बहुतांशी गाव सोडून आलेला किंवा गाव ऐकून ठाऊक असलेला होता. साहित्य संस्थांनीही त्यांना मान दिला : माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईच्या, पाटील १९८५ साली नांदेडच्या आणि मिरासदार १९९८ साली परळीच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

या कथांत घराची गुपिते आहेतच. मिरासदारांच्या एका संग्रहाचे नावच ‘माझ्या बापाची पेंड’ आहे आणि शंकर पाटील ज्यासाठी लिहीत होते त्या मराठी चित्रपटात १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ हे नाव पाटीवर झळकले. पण या कथांतला दप्तरवाला मागे सरला. मिरासदारांनी भोकरवाडी नावाचे एक गाव वसवले आणि नाना चेंगट, बाबू पैलवान, गणा मास्तर यांना तेथे कायमचे नांदायला बसवले. हे गाव कोणाचेच नसल्यामुळे तेथल्या भानगडीवर साऱ्या महाराष्ट्राला निःशंकपणे हसता आले. कोणाच्या भावकीने लेखकाच्या दारात येऊन जाब विचारावा असे त्यात काही नव्हते. कलेच्या दृष्टीने ही मोठी कमाई होती, कारण पात्रांना मोकळेपणा मिळाला आणि गोष्ट प्रचारातून सुटली. त्याची किंमतही मोजावी लागली. ‘तृतीय रत्न’ आणि ‘लीलामृत’ यांतले हसू गुपितावर धंदा करणाऱ्याकडे वळते, भोकरवाडीतले हसू गुपित सांभाळताना फजिती होणाऱ्याकडे. एक झोंबते, दुसरे मन रिझवते. शंकर पाटलांच्या ‘टारफुला’सारख्या कादंबरीत सत्तेचा तो जुना धागा पुन्हा दिसतो, पण ती विनोदी नाही.

शिवाय बायकांच्या गुपितांवर पुरुषांनीच हसायचे ही रीत या बहराच्या काळात अधिक पक्की झाली. घरातल्या दुःखाची आणि त्यावरच्या कोपरखळ्यांची बायकांची स्वतःची नोंद जात्यावरच्या ओव्यांत होती. गी पॉइटेविन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. नणंदेला, दिराला आणि दारू पिणाऱ्या नवऱ्याला त्यांत मिळालेले टोले पाहता ग्रामीण विनोदाचा इतिहास केवळ छापील कथेवरून लिहिणे अपुरे वाटते.

पदरमोडीचे प्रकाशन मधल्या काळात बंद पडले होते असे नाही. समीक्षकांचे त्याकडे लक्ष नव्हते इतकेच. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेने पहिल्या पुस्तकाला हात दिला आणि १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागल्यावर अशा पुस्तकांना निदान काही गिऱ्हाईक उभे राहिले. संगणकीय जुळणीमुळे खिळ्यांची अडचण संपली आणि आता शंभर प्रतीही परवडतात; २०१४ नंतर ‘प्रतिलिपी’सारख्या माध्यमावर तर छपाईचाही खर्च नाही. निवृत्त शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशी मंडळी आपल्या गावातल्या वाड्यांच्या, वाटण्यांच्या आणि सोयरिकींच्या गमती लिहून स्वतः छापतात. त्यांचे गाव भोकरवाडीसारखे हवेतले नसते. आज वारसाची नोंद करायची तर तलाठी ती गाव नमुना सहा या फेरफाराच्या वहीत घेतो, नोटीस चावडीवर लावतो आणि हरकतीला पंधरा दिवसांची मुदत देतो. म्हणजे कोणत्या बहिणीने हक्क सोडला आणि कोणता वारस नव्यानेच उगवला हे आजही चावडीच्याच भिंतीवर वाचायला मिळते. अशा लेखकांचा विनोद पुष्कळदा या कागदांभोवती फिरतो. त्यांची भाषा अनेकदा ओबडधोबड असते, संपादनाचा हात न लागल्याने गोष्ट पसरट होते आणि मिरासदारांची नक्कल पानोपानी जाणवते, हे खरे. पण त्यांतल्या चांगल्या लेखनात फेरफाराच्या नोंदीचा खेळ नेमका कोण करतो हे जितके तपशिलाने येते तितके ते दिवाळी अंकातल्या कथेत आलेले नाही.

१९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशित पुस्तकाच्या प्रती ठराविक मोठ्या ग्रंथालयांकडे जायला हव्यात, पण घरी गठ्ठे बांधणाऱ्या लेखकाला हा कायदा सहसा ठाऊक नसतो. त्यामुळे मुंबईतल्या मध्यवर्ती संग्रहात जी पुस्तके मिळत नाहीत ती तालुक्याच्या किंवा गावच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात, लेखकाने स्वतः सही करून दिलेल्या भेटप्रतीच्या रूपात, सापडण्याचा संभव अधिक असतो. आणि गावातले लोक पात्रांची खरी नावे सांगायला तयार असतील तर तेथेच बसून ती वाचणे अभ्यासकाच्या दृष्टीने जास्त फायद्याचे ठरते.